मिठाच्या डब्यावरची होडी

माझी मुलगी साडेपाच वर्षांची असताना आमच्या सोसायटीत चित्रकलेची स्पर्धा झाली आणि त्या स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

स्पर्धा पाच ते सात वर्षांच्या मुलांची होती. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो.

आम्ही विरार पश्चिमेला राहतो. सोसायटीला तीन विंगा आहेत आणि मधोमध एक हॉल. तिथे सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकलं की मुलांच्या स्पर्धा असतात. त्या वर्षी विषय होता 'माझी सोसायटी'. पालकांनी मुलांच्या मागे बसायचं, पण कागदाला हात लावायचा नाही, असा नियम होता. तो माईकवरून दोनदा सांगितला गेला आणि दुसऱ्या वेळी सांगणाऱ्याने माझ्याकडे बघितलं, असं बायकोचं म्हणणं आहे.

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. वसई पूर्वेला एका गाळ्यात विजेची पॅनेलं बनतात, त्यांची ड्रॉइंगं मी काढतो. एखादं भोक अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तर दार बसत नाही आणि मला फोन येतो. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा मी वरच्या श्रेणीत पास झालो होतो. ही गोष्ट मी लग्नाआधी बायकोला पहिल्याच भेटीत सांगितली होती आणि ती आजही पाहुण्यांसमोर त्याची नक्कल करून दाखवते.

तर मुलीने कागद घेतला आणि आधी पाण्याचा टँकर काढायला सुरुवात केली. टँकर काढता काढता कागद संपत आला. मग एका कोपऱ्यात तिने काडेपेटीएवढी इमारत काढली. टँकरला डोळे होते आणि तो हसत होता.

मी मागून कुजबुजलो, "अगं, टँकर बिल्डिंगपेक्षा मोठा कसा असेल?"

"तो आला की सगळे खाली येतात ना," ती म्हणाली.

हे उत्तर मला आज पटतं. त्या दिवशी नाही पटलं. मी म्हटलं, फक्त एक रेघ सरळ करून देतो. नियमात एका रेघेला कोण विचारतं? एका रेघेची दुसरी झाली. मग खोडरबर आला. टँकर गेला. तिन्ही विंगा उभ्या राहिल्या, लांबच्या लहान, जवळच्या मोठ्या, गच्चीवरच्या टाक्यांसकट. खिडक्यांना गज लागले. मुलगी आधी बघत होती, मग तिने शेजारच्या मुलाशी गप्पा सुरू केल्या, आणि मग मी मागितला की निळा खडू, मागितला की हिरवा खडू, असं ती मला देत राहिली.

परीक्षक म्हणून बी विंगेतल्या एक निवृत्त ड्रॉइंगच्या बाई होत्या. त्या आमच्यापाशी थांबल्या. चित्र हातात घेऊन लांब धरून बघितलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कोणी काढलं?"

"बाबाने," मुलगी म्हणाली. "मी त्याला खडू देत होते."

हॉल हसला. बाईसुद्धा हसल्या, पण त्यांच्या मनात काहीतरी होतं. बक्षीस समारंभात शेवटी त्यांनी माझं नाव पुकारलं आणि 'उत्तेजनार्थ, पालक गट' म्हणून मला एक पेन्सिलपेटी दिली. त्या गटात मी एकटाच होतो. पेटीवर ससा होता.

या प्रकाराचं मला फार वाईट वाटलं नसतं. पंधरा दिवसांनी लोक विसरले असते. पण मुलीने चित्र काढणं बंद केलं. रुसून नव्हे. अगदी समजूतदारपणे. तोपर्यंत ती भिंतीवर, वर्तमानपत्रावर, एकदा तर माझ्या झोपलेल्या पायावरही चित्रं काढत असे. आता कागद पुढे केला की ती तो उलट माझ्याकडे सरकवायची. "तू काढ ना. तुला येतं."

"तुलाही येतं."

"नाही. मला येत नाही. माझं मोठं होतं."

मी उपाय सुरू केले. अठ्ठेचाळीस रंगांचे स्केचपेन आणले. तिने ते रंगांप्रमाणे लावले, मग उंचीप्रमाणे लावायचा प्रयत्न केला, सगळे एकाच उंचीचे निघाल्यावर पेटीत भरून ठेवले. मग शनिवारचा चित्रकलेचा क्लास लावला. तिथले सर भले होते, पण त्यांच्याकडे प्रत्येक प्राण्याची पाककृती होती. दोनचा आकडा काढा, खाली रेघ द्या, चोच लावा, झालं बदक. चार शनिवारांत मुलगी बदक शिकली. क्लासमधल्या बारा मुलांची बारा बदकं भिंतीवर लावली होती आणि ती सगळी एकाच आईची वाटत होती.

"आता कुत्रा काढ," मी म्हटलं.

"सरांनी कुत्रा अजून शिकवला नाही."

"आपल्या गेटपाशी बसतो तो बघून काढ."

"तो दोनचा आकडा नाहीये, बाबा," ती म्हणाली. माझं एवढं साधं कसं चुकलं याचं तिला आश्चर्य वाटलं.

बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या शिरा शोधून शोधून तिचं बोलणं थेट झालं आहे. ती म्हणाली, "आता तू काही करू नकोस. तू काही केलंस की बिघडतं."

मी काही न करता मेपर्यंत थांबलो.

मे महिन्यात बायकोच्या आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आत्या वसईजवळ वटार गावात राहते. तिथे त्यांची वाडी आहे: केळी, पानवेली, थोडे चिकू, कुंपणाला मोगरा. आत्याने लग्न केलं नाही, वाडी केली. आमच्याशी ती पुस्तकात छापल्यासारखं मराठी बोलते. घरच्यांशी, कुत्र्याशी आणि केळींशी त्यांच्या घरच्या बोलीत. केळींना ती काय बोलते ते बायको मला कधीच सांगत नाही. एवढंच म्हणते की केळी मात्र सुधारतात.

आत्यासोबत तिचा भाचा आणि भाचेसून राहतात, पण त्या दोघांना नेमकं आठवडाभर बाहेरगावी जावं लागलं. आमच्या कारखान्याची वार्षिक सुट्टी होती. म्हणून मी आणि मुलगी दिवसभर आत्यापाशी राहायचं, डोळ्यात थेंब घालायचे, आणि बायकोने संध्याकाळी लॅबमधून यायचं, असं ठरलं.

ऑपरेशननंतर आत्याची दृष्टी मजेशीर झाली होती. वाडीच्या टोकाला कोण उभं आहे ते तिला दिसायचं, पण ताटात काय वाढलंय ते दिसायचं नाही. जवळचा चष्मा महिन्याभराने मिळणार होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं: वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, जोरात शिंकायचं नाही. स्वयंपाक करायचा नाही असं ते स्पष्ट म्हणाले नव्हते, त्यामुळे आत्या स्वयंपाक करणारच होती.

आणि इथे भाच्याचं नवं स्वयंपाकघर आडवं आलं. त्याने गेल्या वर्षी हौसेने ओटा, कपाटं सगळं नवीन करून घेतलं होतं, आणि आत्याचे जुने पितळी, पत्र्याचे, बिस्किटांचे डबे काढून टाकून त्याजागी एकसारखे पांढरे डबे आणले होते. बावीस डबे. आरपार न दिसणारे, एका उंचीचे, एका झाकणाचे. प्रत्येकावर खाली मुंगीच्या अक्षरात इंग्रजी नाव. फोटोत फार सुंदर दिसायचं. डोळे चांगले असतानाही आत्या त्यांना 'दवाखाना' म्हणायची.

पहिल्या दिवशी सकाळी आत्या डबे उघडून वास घेत होती. पहिला पोहे. दुसरा रवा की बेसन ते ठरेना. तिसऱ्यात तिखट होतं.

ती शिंक मी जन्मात विसरणार नाही. आत्या कळवळून डोळा धरून बसली. मी डॉक्टरांना फोन लावला. डोळ्याला काही झालं नव्हतं, पण डॉक्टर मला इतकं बोलले की जणू शिंक मीच दिली होती.

आत्या सावरली आणि म्हणाली, "जावईबापू, तुम्ही चित्रकार ना? प्रत्येक डब्यावर आत काय आहे त्याचं चित्र काढून चिकटवा. मला ओळखू आलं म्हणजे झालं."

हे माझ्यासाठीच चालून आलेलं काम होतं. मी पट्टीने मोजून कागदाच्या बावीस पट्ट्या कापल्या. पेन्सिलीला टोक केलं. तूरडाळीपासून सुरुवात केली. डाळीचा दाणा दिसायला सोपा, पण त्याची गोलाई, त्याची सावली, एक दाणा दुसऱ्यावर टेकलेला... चाळीस मिनिटांत मी सहा दाणे काढले. खरोखर उचलून घ्यावेत असे.

आत्याने पट्टी हातात घेतली. लांब धरली. जवळ धरली. खिडकीपाशी नेली.

"पाऊस येणार का?" तिने विचारलं. "ढग काढलेत ना?"

मी सांगितलं, तूरडाळ आहे.

"असेल," ती म्हणाली. जावयाला याहून जास्त कोण बोलणार? मग ती वळली. मुलगी पायरीवर बसून कुत्र्याच्या कानात गोचीड शोधत होती. "ए, इकडे ये. तू काढ. तुझ्या बापाचं दिसत नाही."

"मला येत नाही," मुलगी म्हणाली.

आता मी असतो तर म्हणालो असतो, येतं गं तुला, किती छान काढतेस तू, प्रयत्न तरी कर. आत्या म्हणाली, "मला कुठे येतं? आणि मला दिसतही नाही. कसं का असेना, मोठं काढ. जाड काढ. दुपारी वरण व्हायला पाहिजे."

तिने केळ्यांच्या खोक्यांवर नंबर टाकायचा काळा जाड मार्कर मुलीच्या हातात दिला. मार्करचं खोडता येत नाही, हे मी सांगणार होतो. आत्याने मला डोळ्यात थेंब घालायला बसवलं, तेही ओसरीवर.

आतून बराच वेळ आवाज आला नाही. मग मुलीने हाक मारली, "आत्याआजी, तूरडाळीचं काय करतात?"

"वरण."

"आणि मुगाच्या डाळीचं?"

"खिचडी. कोणी आजारी असलं की."

मी दोनदा उठायला गेलो. "डोळा उघडा आहे माझा," आत्या म्हणाली, "बसा." थेंब तर कधीच घालून झाले होते.

तासाभराने आम्ही आत गेलो. मुलीने पट्ट्यांकडे बघितलंही नव्हतं. ती थेट डब्यांवरच चित्रं काढत होती, सबंध डबाभर. मला पहिल्यांदा भाच्याचा चेहरा आठवला.

मुगाच्या डाळीवर एक माणूस अंथरुणात पडला होता आणि त्याच्या तोंडात थर्मामीटर होता. तिखटावर नुसतं एक तोंड, जीभ गळ्यापर्यंत बाहेर, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. हिंगावर एक बाई, नाक बोटांनी दाबलेलं. मोहरीवर टिंबं होती आणि सगळ्या टिंबांना पाय होते, कारण फोडणीत ती उडतात. पोह्यांच्या डब्यावर बनियनमधला एक पोट सुटलेला माणूस होता.

"हा कोण?" मी विचारलं.

"तू. रविवार आहे."

आत्या एकेक डबा हातभर अंतरावर धरून वाचत गेली. "हे तिखट. हा हिंग. हा ताप आलेला, म्हणजे मूग. हे जावईबापू, म्हणजे पोहे." एकदाही अडली नाही. तिने 'शाब्बास' म्हटलं नाही, गालाला हात लावला नाही. म्हणाली, "चला, डाळ शिजायला टाकते," आणि बरोबर तूरडाळीचा डबा उचलून गेली. मुलगी तिच्याकडे अशी बघत राहिली की मला तिथून बाजूला व्हावंसं वाटलं.

दोन दिवस सुरळीत गेले; चहा करणं आणि मीठ घालणं तेवढं मी करत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या बाई आपल्या दोन भावांना घेऊन आल्या. त्यांच्या मुलीचं चर्चमध्ये लग्न ठरलं होतं, आमंत्रण द्यायला म्हणून ते आले होते. भाऊ इस्त्रीच्या कपड्यांत, पाठ सरळ ठेवून सोफ्याच्या कडेला बसले. आत्याने स्वतः चहा केला. मला हात लावू दिला नाही.

थोरल्या भावाने पहिला घोट घेतला. तो गिळला. कपाकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. धाकट्याने घोट घेतला आणि थोरल्याकडे बघितलं. आमंत्रण द्यायला गेलेल्या घरी चहा टाकायचा नाही, अशी त्यांना लहानपणापासून शिस्त असणार. दोघांनी औषध घ्यावं तसा तो अर्ध्यापर्यंत आणला.

"चहा जरा वेगळा आहे," थोरला म्हणाला. "गावठी पत्ती का?"

त्यांच्या बहिणीने मात्र एकच घोट घेतला आणि शेजारपणाच्या चाळीस वर्षांच्या हक्काने विचारलं, "आत्या, समुद्राचं पानी घातलं की काय गं?"

मी आत जाऊन मिठाचा डबा बघितला. मीठ समुद्रातून येतं म्हणून मुलीने समुद्र काढला होता. समुद्रात एक होडी, वर तीन लाटा, आणि होडीला अगदी चिकटून मावळता सूर्य. आता तो हातभर अंतरावरून अंधूक डोळ्यांनी बघा. होडी म्हणजे कप. सूर्य म्हणजे कपाचा कान. वरच्या लाटा म्हणजे वाफ. शेजारी साखरेच्या डब्यावर तिने खरोखरच चहाचा कप काढला होता, पण कान काढायची विसरली होती. आत्याने जास्त चांगला कप निवडला होता.

पाहुणे हसले, दुसरा चहा झाला, आमंत्रण दिलं-घेतलं गेलं. पण माझं लक्ष मुलीकडे होतं. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मला वाटलं, संपलं. चार महिन्यांनी एकदाचा हातात मार्कर आला आणि भरल्या घरात चूक उघडी पडली. आता ही लग्न होईपर्यंत चित्र काढणार नाही. माझे हात आपोआप पुढे झाले. "दे, मी नीट करून देतो. सूर्य जरा लांब सरकवला की..."

"थांब रे बाबा," ती म्हणाली. चिडून नव्हे, कामात असलेला माणूस म्हणतो तसं. मग तिने दोन्ही डबे जमिनीवर ठेवले, आत्याला त्यांच्यासमोर खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "आत्याआजी, तुला इथे काय दिसलं?"

"कप."

मुलीने मान वाकडी करून बघितलं. आणखी वाकडी केली. मग तिला तो कप दिसला आणि ती पोट धरून हसायला लागली. "खरंच कप आहे! होडीचा कप झाला!" तिने शेजारच्या बाईंना बोलावून दाखवला, दोन्ही भावांना दाखवला. धाकटा भाऊ गुडघ्यावर बसून नीट बघून म्हणाला, "कानसुद्धा काय बेस बसलाय."

खोडता तर येत नव्हतं. ती मार्कर तोंडाशी धरून विचार करत राहिली. मी सात उपाय सुचवू शकलो असतो. एक तर माझ्या ओठांवर आलाही होता, पण शेजारच्या बाईंनी नेमकी मला लग्नपत्रिका वाचायला दिली. मोठ्याने वाचायला.

वाचून मान वर केली तोवर साखरेच्या डब्यावर मुंग्या चढायला लागल्या होत्या. झाकणापासून तळापर्यंत, शेंगदाण्याएवढ्या जाड मुंग्यांची रांग, प्रत्येकीला मोजून सहा पाय. "मिठाला मुंग्या येत नाहीत," मुलगी पाय काढता काढता म्हणाली. "मुंग्या असतील तो चहात घालायचा."

आत्याने हातभर अंतरावरून बघितलं. "आता आंधळ्यालाही कळेल," ती म्हणाली.

उरलेले दिवस मुलगी आपणहून डबे तपासत होती. आत्याला एकेक डबा दाखवायची, काय दिसतं विचारायची, आणि चुकलं की खोडायचं सोडून त्यात भर घालायची. रव्याच्या डब्यावरचा वाढदिवसाचा शिरा आत्याला टोपी वाटला, म्हणून त्यात चमचा खोवला गेला. साबुदाण्याच्या डब्यावर हात जोडलेला उपाशी माणूस होता; त्याचं पोट आत गेलेलं कळेना, म्हणून त्याच्या डोक्यावर एक वडा तरंगू लागला. मी संध्याकाळी बायकोला हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तू काय केलंस?" मी म्हटलं, "पत्रिका वाचली." ती म्हणाली, "चांगलं केलंस."

भाचा परत आला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ उभा राहिला. त्याने बावीस डब्यांवरून एकदा नजर फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली, पोह्यांवर थांबला आणि मग माझ्याकडे बघितलं. त्याची बायको मात्र म्हणाली, की आता निदान तिलाही तूरडाळ कुठली ते न उघडता कळेल.

जूनमध्ये आत्याला चष्मा मिळाला. त्या रविवारी आम्ही वटारला गेलो. आत्या चष्मा लावून आधी वाडी बघून आली होती, मग स्वतःचा चेहरा बघून आली होती, आणि दोन्हींबद्दल तिचं मत तिने घरच्या बोलीत व्यक्त केलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघरात डब्यांसमोर उभी होती. ती चित्रं तिने पहिल्यांदाच स्पष्ट बघितली.

"अगंबाई!" ती म्हणाली. "काय भयंकर काढलंस गं हे! हा माणूस आहे? याचे हात कानातून निघालेत!"

बायकोने माझं मनगट धरलं. मी तोंड उघडू नये म्हणून, हे मला नंतर कळलं.

मुलीने जवळ जाऊन तो माणूस बघितला. हात कानातूनच निघाले होते. "हो," ती म्हणाली. "पण तुला कळलं ना तो उपाशी आहे ते?"

"कळलं."

"मग?"

आत्याने चष्मा कपाळावर चढवला, कोठीत गेली आणि लोणच्याच्या चार बरण्या काढून ओट्यावर ठेवल्या. दोन आंब्याच्या, दोन लिंबाच्या. त्यातली एक लिंबाची गोड होती, एक तिखट. ते बाहेरून कसं दाखवायचं यावर दोघींचा वाद सुरू झाला. लिंबाला जीभ काढावी की नको, लिंबाला तोंड असतं का, असलं तर हसतं की रडतं. मार्कर कुठे ठेवला म्हणून शोधाशोध झाली, कुत्र्याच्या अंथरुणात सापडला. अर्धा तास वाद चालला होता. मला कोणी काही विचारलं नाही.